मशीनचा रनअप

नीलाला वेगात बोलिंग टाकायला कोणी नव्हतं. एवढ्याच अडचणीवरून मी ते मशीन करायला घेतलं.

नीला माझी धाकटी बहीण. आम्ही भिवंडीत ब्राह्मण आळीत राहायचो. वडील गेल्यानंतर घरात आई, मी आणि ती. मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवत होतो. नीला बी.ए. होऊन एका शाळेत बदली शिक्षिका म्हणून जायची आणि उरलेला सगळा जीव क्रिकेटमध्ये घालायची. ठाण्याच्या मुलींच्या संघात ती सलामीला खेळायची. सत्त्याऐंशी साल संपत आलं होतं. विश्वचषक नुकताच आपल्याकडे होऊन गेला होता, त्यामुळे गल्लीतल्या भिंतीभिंतींवर खडूचे स्टंप दिसायचे; पण बॅट घेऊन निघालेली मुलगी दिसली की रिक्षावाले अजूनही मान वळवून बघायचे. फेब्रुवारीच्या शेवटी मुंबईला निवडीचा सामना होता. आईने तिच्यासाठी स्थळं बघायला सुरुवात केली होती. पुढच्या वर्षी आपण कुठल्या गावात, कोणाच्या घरात असू, हे नीलाला माहीत नव्हतं. तिच्या लेखी हा एकच सामना होता.

संघातल्या मुलींची बोलिंग तिला आता संथ वाटायची. मैदानावरची मुलं एक तर लाजून हळू टाकायची, नाहीतर तिने दोन फटके मारले की चिडून अंगावर टाकायची.

"मला चिडणारा शत्रू नको, दादा, आणि जपून टाकणारा काकाही नको," ती म्हणाली. "मला नुसता वेग पाहिजे."

मी कुठल्याशा परदेशी मासिकात अशा मशीनचं चित्र पाहिलं होतं. तत्त्व सोपं होतं. दोन चाकं, एकावर एक, उलटसुलट फिरणारी. मधली फट चेंडूपेक्षा जराशी कमी. नळीतून चेंडू आत सोडला की चाकं त्याला पकडतात आणि भिरकावून देतात. चाकाचा घेर आणि मोटरच्या फेऱ्या माहीत असल्या की वेग कागदावर निघतो. चौकट तिरकी केली की चेंडू हवेत वळतो. एका रविवारी दुपारी मी सगळं आखून काढलं आणि संध्याकाळी कामतघरला काळूरामकडे गेलो.

काळूराम भोईर माझा शाळासोबती. त्यांची तिथल्या तळ्याच्या अंगाला भातशेती होती. आजूबाजूची शेतं एकेक करून पत्र्याखाली गेली तशी त्यानेही एका शेतात शेड बांधली, कापड विणायचे लूम टाकले. त्या हिवाळ्यात त्याने जुने लूम काढून टाकले होते आणि नवे यायला उन्हाळा उजाडणार होता. लांबलचक शेड रिकामी पडली होती. लादीवर तेलाचे काळे डाग आणि लूमच्या बोल्टांची भोकं तेवढी उरली होती.

"वापर की, मास्तर," तो म्हणाला. "मोटरीपन पडल्यात. उंदरांनी खाण्यापरीस बरं."

भिवंडीत आणखी काही मिळो न मिळो, मोटरला तोटा नव्हता. लूमच्या दोन मोटरी घेतल्या, स्कूटरची दोन चाकं टायरसकट त्यांच्या दांड्यांवर बसवली आणि कल्याण नाक्यावरच्या वेल्डरकडून लोखंडी चौकट करून घेतली. काळूरामने खाडीवरच्या पाहुण्यांकडून मासे धरायचं जुनं जाळं आणलं. ते तीन बाजूंनी टांगलं. जमिनीवर काथ्याचं मॅटिंग अंथरलं. मशीन शेडच्या मागच्या भिंतीजवळ उभं केलं, कारण पिचची लांबी पुरी बसायला दुसरीकडे जागाच नव्हती. माझ्या पाठीमागे भिंत इतकी जवळ होती, की चेंडूंची टोपली घ्यायला वाकलो तर कंबर विटांना लागायची.

पहिला चेंडू पत्र्याला जाऊन धडकला. दुसरा जाळ्याच्या वरून गेला. चार-पाच दिवस फट कमीजास्त करण्यात गेले आणि मग चेंडू सांगितलेल्या जागी पडायला लागला. नीलाने पहिला सरळ ड्राइव्ह मारला तेव्हा काळूरामने शिट्टी वाजवली. घरी जाताना ती रस्ताभर बोलत होती.

पण लवकरच ती कुरकुरायला लागली. तिची बॅट उशिरा येत होती. वेगाचा प्रश्न नव्हता; चिडलेल्या मुलांचे तेवढ्या वेगाचे चेंडू ती सहज खेळायची. बोलर पळत येतो, त्या पळण्यात अंग तयार होतं, पाय हलायला लागतात. इथे समोर नुसतं लोखंड. चेंडू कुठूनच न येता एकदम यायचा. मला ते पटलं. मी मशीनवर एक लाल दिवा बसवला. चेंडू सोडायच्या जरा आधी तो लावायचा. फारसा फरक पडला नाही. मग एका संध्याकाळी तिची वेळ अचानक जुळली. चेंडूमागून चेंडू बॅटच्या मधोमध बसायला लागले. दोन दिवसांनी ती म्हणाली, तो दिवा काढ, त्याने लक्ष विचलित होतं. मी काढला. तिला सवय झाली, असं मी मनाशी म्हटलं.

खटकलं ते नंतर. माझा हात नळीकडे जायच्या आधीच तिची बॅट वर जायची. मी मशीनच्या आड असल्यामुळे तिला माझा हात दिसत नव्हता, हे मला माहीत होतं. मी मुद्दाम वेळ बदलून पाहिली. कधी लगेच सोडायचो, कधी थांबायचो. लगेच सोडलेला चेंडू ती चुकवायची. थांबलो की तिची बॅट वर जायची, थोडी रेंगाळायची, खाली यायची आणि ती चिडायची.

"दादा, तो आला की सोड ना. मधेच कशाला अडवतोस?"

"कोण आला की?"

तिने बॅट खाली टेकली. शेजारच्या शेडमधले लूम खटाखट चालू होते. ती माझ्याकडे न बघता माझ्या मागच्या भिंतीकडे बघत होती.

"पावलं वाजतात ती," ती म्हणाली. "मला वाटलं तूच काहीतरी बसवलंयस. रनअप पाहिजे म्हणाले होते म्हणून."

मी काहीही बसवलं नव्हतं.

मी तिच्या जागी जाऊन उभा राहिलो. मशीन चालू होतं, नीला बाजूला उभी होती आणि मला लूमच्या आवाजापलीकडे काही ऐकू येत नव्हतं. नीला म्हणाली, तो आवाज कानाआड टाक, त्याच्या खालून ऐक. भिवंडीत वाढलेल्याला लूम ऐकू येत नाहीत, ते थांबले की ऐकू येतात. मी बराच वेळ उभा राहिलो आणि शेवटी नाही अशी मान हलवली. तेवढ्यात वीज गेली.

एका क्षणात सगळं कामतघर मुकं झालं. शेजारची शेड, पलीकडची, त्याच्या पलीकडची. इतकी शांतता, की तळ्यावर कोणीतरी धुणं आपटत होतं ते ऐकू आलं. मशीनची चाकं मात्र वेगात होती. ती आपल्या जोरावर फिरत राहिली, टायरचा बारीक घुंऽऽ असा सूर काढत. त्या सुराखालून मला पावलं ऐकू आली.

अनवाणी पावलं. लादीवर वाजावीत तशी, ओलसर आणि भरीव. मशीनच्या मागून येत होती. तीन-चार पावलांची धाव, मग थांबणं; परत तीन-चार पावलं, परत थांबणं. चाकं मंदावत गेली तशी पावलंही मंदावली. पळणारा माणूस दमून चालायला लागतो तशी. चाकं थांबली तेव्हा एक पाऊल पडलं आणि दुसरं पडलं नाही.

मी जाऊन पाहिलं. मशीन आणि भिंत यांच्यामध्ये चेंडूंची टोपली होती.

मला तेव्हा भीती वाटली नाही, हे खरं सांगतो. उलट जरा हुरूपच आला. चाकांबरोबर आवाज मंदावतो, म्हणजे आवाज चाकांचा. कुठेतरी कंप आहे, लादी पोकळ आहे, एखादा पत्रा थरथरतोय. मी बेअरिंगं बदलली. चौकटीखाली रबर घातलं. लादीतली भोकं सिमेंटने बुजवली. शुक्रवारी आसपासचे लूम बंद असतात. त्या दिवशी काळूरामला मशीनपाशी उभं करून मी शेडभर कान लावत फिरलो. आवाज लादीतून नव्हता, भिंतीतून नव्हता, पत्र्यातून नव्हता. नीलाच्या जागी उभं राहिलं तरच तो नीट यायचा. मशीनजवळ उभ्या असलेल्या काळूरामला काहीच ऐकू आलं नाही. तो फक्त एवढंच म्हणाला, की उजव्या खांद्यावर वारं लागतंय, दार लावून घेऊ या. दार लावलेलंच होतं.

त्याला मी जागेबद्दल विचारलं. "इथं काय बी न्हाय झालेला," तो म्हणाला. "माजे आज्याच्या आज्यापासून भात लावतोय. कोन मेला न्हाय, कोन बुडला न्हाय. देवपन न्हाय कंचा इथं." तरी त्याने त्या दिवशी तळ्यावरच्या वऱ्हाळदेवीला नारळ फोडला आणि खोबऱ्याचा तुकडा आणून चौकटीवर ठेवला. मी हरकत घेतली नाही.

जानेवारीत नीलाने जास्त वेग मागितला. काळूरामकडे जास्त फेऱ्यांच्या दोन मोटरी होत्या, त्या चढवल्या. आता चेंडू माझ्या डोळ्यांना नीट दिसतही नव्हता. नीलाला दिसत होता. ती इतकी सुरेख खेळत होती, की शेजारच्या शेडमधले कामगार सुट्टीत दारात उभे राहून 'वाह दीदी' म्हणायचे. मी विचारलं नव्हतं, पण तिनेच सांगितलं. "आता तो लांबून येतो. खूप लांबून."

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी काळूरामची चुलती ठमाबाई शेडच्या दारात येऊन उभी राहिली. तिचं घर शेडच्या मागे होतं, आमच्या मागच्या भिंतीला लागून तिचं अंगण. ती काळूरामवर रागावली होती. उकडे तांदूळ करायला तिने उकडलेलं भात अंगणात वाळत घातलं होतं.

"तुमच्या त्या मानसाला सांग," ती म्हणाली, "माज्या भातातून धावू नको म्हनावं."

काळूरामने विचारलं, कुठला माणूस. तिने पाहिला नव्हता. मागे वळून बघावं तर कोणी नसतं, म्हणाली. पण भात बघा.

आम्ही बघायला गेलो. पिवळसर भात अंगणभर सारखं पसरलेलं होतं आणि त्यातून पावलांची एक ओळ गेली होती. अनवाणी, मोठी पावलं. दोन पावलांत इतकं अंतर, की मी उडी मारली असती तरी पोचलो नसतो. पलीकडच्या बांधापासून ती ओळ सरळ आमच्या भिंतीकडे आली होती. परत गेलेलं एकही पाऊल नव्हतं. शेवटच्या पावलाला टाच होती, तळवा होता. बोटं नव्हती. तिथे भिंत होती.

काळूरामला वाटलं कोणीतरी चेष्टा करतंय. दुसऱ्या दिवशी त्याने ठमाबाईला भात नीट सारखं करायला लावलं आणि स्वतः अंगणात बाज टाकून बसला. ऊन लख्ख होतं. मी मशीन चालू केलं, नीला खेळली, मी थांबवलं. काळूराम आत आला. नळावर त्याने बराच वेळ हातपाय धुतले.

"कोण होतं?" मी विचारलं.

"कोन नव्हता. मी बघत होतो, मास्तर. भात दबत आला. येवढंच सांगतो."

त्याने मशीन काढून टाकायला सांगितलं नाही, पण मशीन चालू असताना तो पुन्हा शेडमध्येही आला नाही. ठमाबाईने वाळवण गच्चीवर नेलं.

मी त्याच संध्याकाळी नीलाला म्हटलं, हे बंद करू. ती पायाचे पॅड सोडत होती. तिने मान वर केली नाही.

"तो मला काही करत नाही," ती म्हणाली. "फक्त बोलिंग टाकतो."

"तुला भीती नाही वाटत?"

"तुम्ही मला स्थळांची भीती घालता तेवढी नाही," ती म्हणाली आणि हसली. मग पॅड बाजूला ठेवत म्हणाली, "सामन्यापर्यंत, दादा. मग मोडून टाक."

मी ऐकलं. कारण तिचं म्हणणं चूक नव्हतं: कोणाला काही झालं नव्हतं आणि ती आयुष्यात कधी खेळली नव्हती तशी खेळत होती. पण घरातली नीला बदलत चालली होती. तिला बसवत नव्हतं. जेवायला पाटावर बसली की दोन घासांत उठायची. मधल्या खोलीतून ओटीवर, ओटीवरून अंगणात, परत आत. कोणी बोलत असलं की मधेच तिची मान जराशी कलायची आणि बोटं मिटायची, मूठ धरल्यासारखी. आई एकदा पोळ्या लाटताना मला म्हणाली, "ही सारखी कोणाची वाट बघते रे?" मी म्हटलं, सामना जवळ आलाय.

मलाही शेडमध्ये चैन पडेनासं झालं होतं. मशीनपाशी मला पावलं ऐकू येत नव्हती, पण दर चेंडूच्या आधी उजव्या बाजूने वाऱ्याची एक झुळूक जायची आणि शर्टाची बाही हलायची. मग मी चेंडू सोडायचो. आता मीच त्याच्या वेळेने चेंडू सोडत होतो, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. त्या दिवसांत मी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. मागे भिंत होती. बघण्यासारखं काही नव्हतं.

सामन्याच्या आदल्या दिवशी शुक्रवार होता. लूम बंद होते. उन्हं कलायच्या आत सराव संपवून नीलाने विश्रांती घ्यावी असं मी ठरवलं होतं. टोपलीतले चेंडू टाकून झाले. आम्ही ते गोळा केले आणि टोपली परत माझ्या पायाशी आणून ठेवली. नीला म्हणाली, आणखी एकदा. मी नाही म्हटलं आणि मोटरी बंद केल्या. चाकं मंदावली. सूर उतरत गेला आणि संपला. मी टायरवर तळहात ठेवला. गरम होतं, पण थांबलेलं होतं.

नीलाने पवित्रा सोडला नाही.

"नीला, झालं," मी म्हटलं.

तिने डावा हात जरासा वर केला. थांब, अशी खूण. ती माझ्या पलीकडे बघत होती.

मग मला ऐकू आलं. मशीनपाशी उभा असताना, पहिल्यांदाच.

लांबून. भिंतीच्या पलीकडून, अंगणाच्या पलीकडून, बांधावरून. मातीवर पडणारी पावलं. मग अंगणाच्या शेणाने सारवलेल्या जमिनीवर. वेग वाढत होता.

मग लादीवर.

माझी बाही हलली.

चाकं थांबलेलीच होती. माझा हात त्यांच्यावर होता.

नीलाची बॅट वर गेली आणि खाली आली. आवाज झाला. बॅटच्या बरोबर मधोमध चेंडू बसल्याचा, स्वच्छ, भरलेला आवाज. डाव्या अंगाचं जाळं फुगलं, ताणलं आणि हळूहळू सैल झालं.

मी टोपलीकडे पाहिलं. सगळे चेंडू टोपलीत होते.

नीलाने बॅटच्या टोकाने मॅटिंग ठोकून सपाट केलं आणि पुन्हा पवित्रा घेतला.

मी धावत गेलो आणि तिच्या हातातून बॅट घेतली. हातमोज्यातली तिची बोटं गार होती. बाहेर पडताना मी मेन स्विचचा फ्यूज काढून खिशात टाकला. त्याचा काही उपयोग नाही हे कळत असूनही.

दुसऱ्या दिवशी तिने जाऊ नये असं मला वाटत होतं, पण कोणत्या तोंडाने सांगणार? मशीन कामतघरला होतं, सामना मुंबईला. रात्री तिला झोप लागली होती. सकाळी ती शांत दिसत होती, दही-साखर खाऊन आईच्या पाया पडून निघाली. मी बरोबर गेलो.

माटुंग्याचं मैदान. बाकावर बसून मी पाहत होतो. सुरुवात तिने इतकी देखणी केली, की निवड करायला बसलेल्या बायकांपैकी एकीने शेजारणीला कोपराने डिवचलं. मग एक उंच मुलगी बोलिंगला आली. धाव चांगली लांब होती, वेग होता. नीलाने तिचे एक-दोन चेंडू खेळले आणि तिसऱ्याच्या वेळी हात वर करून तिला थांबवलं. ती पंचांशी काहीतरी बोलली. पंचांनी मागे वळून पाहिलं, बोलरमागच्या पांढऱ्या साइटस्क्रीनकडे पाहिलं, खांदे उडवले. मला नंतर कळलं ते असं: बोलरच्या मागून जो येतोय त्याला थांबायला सांगा, असं ती म्हणाली होती.

तिने पुन्हा पवित्रा घेतला.

उंच मुलगी धावत आली. चेंडू सुटला. आखूड पडला आणि उसळला.

नीलाची बॅट वर गेलेली होती. ती तिथेच राहिली. ती वाट बघत होती.

चेंडू डाव्या डोळ्यावर लागला. तो आवाज बाकापर्यंत आला.

ती लगेच पडली नाही. सगळ्या मैदानाने पाहिलं: चेंडू लागून खाली पडल्यावर, तिच्या गालावरून रक्त येत असताना, तिने पुढे पाऊल टाकलं आणि एक पूर्ण, सुंदर ड्राइव्ह मारला. मग गुडघ्यांवर बसली.

डोळा राहिला, पण त्यातली नजर बरीचशी गेली. हॉस्पिटलात पट्टी सोडायच्या आदल्या दिवशी आई घरी गेलेली असताना ती माझ्याशी बोलली.

"त्या मुलीचा बॉल मला दिसला होता, दादा. मी तो खेळले असते. पण मागून तो येत होता. एका वेळी दोघांचं कसं खेळणार?"

मी म्हटलं, मशीन आता नाही. आणि ते खरं होतं. ती हॉस्पिटलात असतानाच मी आणि काळूरामने ते सुटं केलं. चाकं भंगारात दिली, चौकट वेल्डरने कापली. जाळं काळूरामने खाडीवर परत पाठवलं. उन्हाळ्यात नवे लूम आले, शेड भरली, मोटरी त्यांच्या मूळ कामाला लागल्या. मी अधूनमधून काळूरामला विचारायचो, तो म्हणायचा, काय न्हाय. ठमाबाईचं वाळवण परत अंगणात आलं. पुढे काळूरामने ती शेडही विकली आणि काल्हेरला गोदामं बांधली. आमची भेट लग्नकार्यात तेवढी होते. त्या विषयावर तो बोलत नाही, मीही काढत नाही.

नीलाने बॅट पुन्हा हातात घेतली नाही. शाळेत ती कायम झाली. दोन-तीन स्थळं डोळ्याकडे दुर्लक्ष करूनही आली होती. तिने नको म्हटलं, आणि ते इतक्या शांतपणे, की आईने पुढे आग्रह केला नाही. आई गेल्यावर आम्ही दोघंच त्या घरात राहिलो. ती अस्वस्थता तिच्यातून हळूहळू ओसरली. ती पाटावर बसून शेवटपर्यंत जेवायला लागली. वह्या तपासताना गुणगुणायला लागली. मी समजलो, संपलं.

गेल्या हिवाळ्यात, कामतघरच्या तळ्याच्या काठाने आता नवा रस्ता केलाय तिथे आम्ही फिरायला गेलो होतो. संध्याकाळ होती, पुष्कळ माणसं होती. तिच्या शाळेतल्या एका बाईंच्या बदलीबद्दल आम्ही बोलत होतो. बोलता बोलता मी डावीकडे सरकलो, मागून येणाऱ्याला वाट द्यावी तसा. मी का सरकलो हे मला सांगता येणार नाही. मला काही ऐकू आलं असं मी म्हणणार नाही. त्याच वेळी नीला उजवीकडे सरकली.

आम्ही दोघंही थांबलो. आमच्यामध्ये एका माणसाची जागा होती. मधून कोणी गेलं नाही. दोघांनीही मागे पाहिलं नाही.

नीलाने पदर सारखा केला.

"आता तो धावत नाही," ती हलकेच म्हणाली, आणि चालायला लागली.

आम्ही बाजारातून आलो, गर्दी होती, तरी मधली जागा तशीच राहिली. घरी पोचल्यावर नीलाने कुलूप काढलं. मी आत गेलो, चपला काढल्या, दिवा लावला. ती माझ्या मागोमाग आत आली आणि दाराला हात लावून उभी राहिली. तिने ते लगेच लावलं नाही.